दहा ते चार बाग बंद

एका शालीवर भुलून मी हात वर केला, आणि आमच्या भागातली एकुलती एक बाग दुपारची बंद करून बसले. शाल तरी धड असती. पहिल्याच धुण्यात तिचा जांभळा रंग यांच्या बनियनला लागला, आणि हे आठवडाभर शेजाऱ्यांना बनियन दाखवत, "समाजकार्य, समाजकार्य" म्हणत हिंडले.

तेव्हा मी सदुसष्टची होते. म्हणजे अक्कल यायला अजून थोडा अवकाश होता. आता चौऱ्याहत्तरीत बसून त्या बाईकडे बघते, तेव्हा तिच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते. पण कान माझेच, त्यामुळे सोडून देते.

समिती कशी झाली ते आधी सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला बाग आहे. बाग म्हणजे काय, आठ-दहा करंजाची झाडं, ज्यांना इथे बंगळुरात होंगे म्हणतात, पाय मोडलेले चार बाक आणि एक घसरगुंडी, जिच्यावरून उतरलेल्या प्रत्येक पोराची चड्डी फाटत असे. बागेची सुधारणा करायची ठरली. पैसा कुठून आणायचा ते वॉर्डातल्या नागरिकांनीच ठरवावं, असं वरून आलं. मग नऊ जणांची समिती नेमली. नियमाप्रमाणे त्यात एक स्त्री हवी होती, एक ज्येष्ठ नागरिक हवा होता आणि कन्नड सोडून दुसरी भाषा बोलणारा एक हवा होता. मी एकाच खुर्चीत तिन्ही मावत होते. त्यांच्या दोन खुर्च्या वाचल्या. मला मात्र वाटलं, माझी किंमत कुणालातरी कळली.

आमचं घराणं मराठी, पण इथलं. आमचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे आमच्या मराठीत कन्नड इतकं शिरलंय, की समितीतला पुण्याहून आलेला तरुण पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "काकू, तुमचं मराठी किती क्यूट आहे." हा महादेवपुऱ्याला एका कंपनीत होता आणि आमच्या भागात फ्लॅट घेऊन वर्षभर झालं होतं. वर्षभरात त्याला कन्नड एवढंच आलं होतं: स्वल्प म्हणजे थोडं, आणि सरी म्हणजे बरं. तेवढ्यावर तो बागेचा उद्धार करायला निघाला होता.

बैठका रविवारी अकराला, वॉर्ड ऑफिसच्या वरच्या खोलीत. पहिल्या बैठकीत दुसऱ्या बैठकीची तारीख ठरली. दुसऱ्या बैठकीत बाकांचा रंग ठरला. पैसे कुठून येणार ते ठरायचं होतं, पण बाक हिरवे की तपकिरी यावर पाऊण तास गेला आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. अध्यक्ष होते एक निवृत्त सरकारी इंजिनिअर. त्यांची सवय अशी की कुणी काही म्हणालं की डोळे मिटायचे, मान डोलवायची, आणि "तत्त्वतः बरोबर आहे" म्हणून पुढच्या विषयाला हात घालायचा. तत्त्वतः सगळंच बरोबर होतं. आमचे हे उभं आयुष्य पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथवर उभे राहिलेले. मी घरी येऊन बैठकीचा वृत्तान्त सांगितला की म्हणत, "एक नट आवळायला नऊ जण. आमच्याकडे असते तर संध्याकाळी आठ जणांना घरी पाठवलं असतं."

मी रागावत असे. मी समितीतली बाई होते. माझ्याकडे फाइल होती. फाइलमध्ये काय होतं विचाराल तर बैठकीला मिळालेले मद्दूर वडे ज्यात गुंडाळून आणायचे तो कागद.

आता जिचा या सगळ्याशी खरा संबंध होता तिचं सांगते. आमच्याकडे कामाला येते तिला मी अक्का म्हणते, ती मला अम्मा म्हणते. ती माझ्या मुलीच्या वयाची, पण बंगळुरात अक्का म्हटलं की समोरच्याचा मान राहतो आणि पगार वाढवावा लागत नाही. ती कन्नड बोलणारी. अठरा वर्षं आमच्याकडे काढून मराठीही बोलते, आणि मला काही झोंबावं असं वाटलं की मुद्दाम मराठीतच बोलते. सकाळी सात ते बारा तिची तीन घरं. दुपारी साडेतीननंतर आणखी दोन. तिचं घर दोन बस बदलून. बारा वाजता निघाली तर घरी पोहोचून चपला काढेपर्यंत परत निघायची वेळ. म्हणून मधले साडेतीन तास ती बागेत काढायची. तिच्यासारख्या अजून चार-पाच जणी. होंगेच्या झाडाखाली डबे उघडायच्या, मग वेणी सोडायच्या, मग पदर तोंडावर घेऊन आडव्या व्हायच्या. दुपारी दीडला मी कधी त्या बाजूने गेले तर पाच पदर वर-खाली होताना दिसायचे.

पैशाचा विषय निघाला तो तिसऱ्या बैठकीत. वाटा तीन होत्या. एक, वरून पैसे येईपर्यंत थांबायचं. या वाटेवर आमच्या गल्लीच्या दोन पिढ्या थांबून वर गेल्या होत्या. दोन, रहिवाशांनी दरमहा थोडे थोडे द्यायचे. हे कुणीतरी बोलून गेलं मात्र, ज्यांच्या दारात दोन-दोन गाड्या ते छताकडे बघू लागले. त्यांच्यात मीही होते. आमच्याकडे गाडी एकच, पण छत मीही बघितलं.

तीन, बाग दत्तक द्यायची. कोरमंगल्याची एक कंपनी तयार होती. ती फोनवरून काय विकते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिला समाजासाठी काहीतरी केल्याचे फोटो हवे होते, आणि आम्हाला फुकटची हिरवळ हवी होती. पाच वर्षं बाग तिची. ती हिरवळ लावणार, दिवे लावणार, व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवणार, फाटकावर आपलं नाव लिहिणार. अट एकच, आणि ती पुण्याच्या तरुणाने पडद्यावर बाराव्या की तेराव्या चित्रात दाखवली. बाग सकाळी दहा ते दुपारी चार बंद.

"का?" मी विचारलं.

"काकू, लॉन सेटल व्हायला हवं. आणि दोन शिफ्टचा गार्ड त्यांना परवडत नाही. आणि डेटा बघा ना, दुपारी युजर्स नगण्यच आहेत."

"डेटा कुणी काढला?"

"आम्हीच. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ, सलग आठवडाभर मोजलंय."

"आणि दुपारी?"

"दुपारी आम्ही ऑफिसला असतो ना काकू."

दुपारी कुणी मोजायला नव्हतं, म्हणून दुपारी कुणी नव्हतं. अध्यक्षांनी डोळे मिटून मान डोलावली. मला त्या क्षणी बोलायला काय झालं होतं? पण मला बोलायचं नव्हतं, मला भाषण करायचं होतं. दोन्हींत फरक आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी ऐटीत म्हणाले, "यावर मला पुढच्या बैठकीत सविस्तर बोलायचं आहे."

बातमी अक्कापर्यंत मी न सांगताच पोहोचली. शनिवारी भांडी घासून झाली, हात पुसत ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"अम्मा, दुपारी बाग बंद करणार म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात. तुम्ही आहात ना त्यात. तेवढं सांगा. बाकी काय पण लावू दे, आमची दुपार राहू दे."

"अगं, मी आहे ना समितीत," मी म्हणाले. हे वाक्य आठवलं की आजही मी एकटी असले तरी मान खाली घालते.

त्या रात्रभर नाही, पण संध्याकाळभर मी मुद्दे काढले. कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या मागे तीन मुद्दे लिहिले. पहिला मुद्दा दुपारच्या बायका. आरशासमोर उभी राहून कन्नडमध्ये म्हणून बघितलं, हात कुठे उचलायचा तेही ठरवलं. हे पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "आरशाला पटलं का?"

आणि निघाले रेशमी साडी नेसून. बागेतल्या पाच दमलेल्या बायकांसाठी भांडायला जाताना ही बाई रेशमी साडी नेसून गेली. एवढ्यावरूनच पुढचं ओळखायला हवं होतं.

आता या शहराची एक रीत सांगायला हवी. इथे सन्मान केल्याशिवाय काही हलत नाही. कुणाची बदली झाली, सन्मान. पोरगं दहावी झालं, सन्मान. डोक्यावर म्हैसुरी पेटा, खांद्यावर शाल, गळ्यात चंदनाच्या सालींचा हार आणि हातात प्लॅस्टिकच्या चकचकीत कागदात बांधलेली फळांची करंडी. हे ज्याचं कौतुक वाटतं त्याला करतात असा बाहेरच्यांचा समज. खरं म्हणजे ज्याने तोंड उघडू नये असं वाटतं त्याला आधी करतात. ज्याची शाल अंगावर, त्याच्या विरुद्ध बोलायचं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं. अध्यक्ष चाळीस वर्षं सरकारी खात्यात राहिले होते. मला सविस्तर बोलायचं आहे हे ऐकून त्यांनी त्याच दिवशी पेट्याची ऑर्डर दिली असणार.

मी खोलीत शिरले तर खुर्च्या ओळीने लावलेल्या. फोटोवाला आलेला. अध्यक्ष म्हणाले, "कामकाजाला सुरुवात करण्यापूर्वी एक आनंदाचं काम आहे." मी इकडेतिकडे बघितलं, कुणाचं आनंदाचं काम म्हणून. माझंच. त्यांनी सांगितलं की मी वॉर्डाची माता आहे. माझ्या पूर्वजांनी हे शहर वसवायला हात लावला होता असंही सांगितलं. आमच्या पूर्वजांनी हात कशाला लावला होता ते आम्हाला नक्की माहीत नाही, पण मी मान डोलावली. डोक्यावर पेटा आला. माझ्या अंबाड्यावर तो बसेना, मागे घसरायला लागला, तेव्हा पुण्याच्या तरुणाने मागून बोटाने धरून ठेवला. फोटोत ते बोट दिसतं. शाल आली, हार आला, करंडी आली. टाळ्या. माझे डोळे भरून आले, हे लिहायलाही लाज वाटते.

मी अजून उभीच होते. अध्यक्ष त्याच आवाजात, त्याच दमात म्हणाले, "तर आता बाग दत्तक देण्याच्या ठरावाला ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करावेत."

सात हात वर गेले. आठवा अध्यक्षांचा. माझ्या दोन्ही हातांत करंडी होती. कुणालाही कारण सांगता आलं असतं: माझे हात गुंतले होते, मी हात वर केलाच नाही. पण नाही. मी ती करंडी डाव्या कुशीत घेतली, सफरचंदं पडू नयेत म्हणून हनुवटीने दाबली, आणि उजवा हात वर केला. एवढे कष्ट घेऊन.

कॅलेंडरचं पान पर्समध्ये राहिलं.

सोमवारी अक्काने पदर खोचता खोचता विचारलं, "सांगितलं का अम्मा?"

"विषय चालू आहे," मी म्हणाले, आणि करंडीतलं एक संत्रं तिच्या हातावर ठेवलं. तिने संत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सरी," म्हणाली आणि कामाला लागली.

अडीच महिन्यांनी बाग झाली. खरंच सुरेख झाली, याचाच राग जास्त. हिरवळ अशी की पाय ठेवायचा धीर होऊ नये. तसा पाय ठेवायला मनाईच होती. फाटकावर कंपनीचं नाव बागेच्या नावाच्या तिप्पट, आणि खाली तीन भाषांत एकच वाक्य: दहा ते चार बाग बंद. उद्घाटनाला फीत कापली, सगळ्यांना पेटे. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मी बसले.

अक्का पूर्वीसारखीच बाराला पिशवी उचलून निघायची. मग एक दिवस काहीतरी आणायला म्हणून भर दुपारी बाहेर पडले आणि पाय तिकडे वळले. फाटकाला हे एवढं कुलूप. आत होंगेच्या झाडाखाली, नेमक्या त्याच जागी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मान मागे टाकून, कंपनीला न परवडणारा वॉचमन झोपलेला. दुपारी बाग वापरणारा तो एकटा. पलीकडच्या फुटपाथवर, भिंतीच्या हातभर सावलीत, दोन बायका गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. अक्का त्यांत नव्हती.

पुढच्या बैठकीत मी बोलले. साधी सुती साडी, कागद नाही, हातवारे नाहीत. दुपारी पाच बायका तिथे झोपायच्या, त्यांना आपण बाहेर काढलं, ही वेळ बदला, म्हटलं.

अध्यक्षांनी डोळे मिटले. "तत्त्वतः बरोबर आहे मॅडम. पण ठराव एकमताने झालेला आहे." आणि नोंदवही माझ्यापुढे सरकवली. त्यात लिहिलं होतं की अनुमोदन मी दिलं. ते मी दिलं नव्हतं. पण हनुवटीखाली सफरचंदं दाबून हात वर करणाऱ्या बाईने अनुमोदन दिलं नाही असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

पुण्याचा तरुण म्हणाला, "काकू, त्यांच्यासाठी अल्टरनेट स्पेस बघता येईल की."

"कुठली?"

"एखाद्या अपार्टमेंटचं बेसमेंट वगैरे."

"तू झोपशील?"

"मला दुपारी झोपायला वेळच नसतो काकू."

सगळे हसले. अध्यक्षांनी तोडगा काढला: दुपारच्या प्रश्नावर उपसमिती नेमू, तिच्या अध्यक्ष तुम्हीच व्हा. उपसमितीच्या अध्यक्षाच्या डोक्यावर काय ठेवतात ते मला माहीत होतं. मी फाइल तिथेच ठेवली आणि उतरून आले. त्या फाइलीत या वेळी वडाही नव्हता. नंतर कळलं की माझा राजीनामा त्यांनी "प्रकृतीच्या कारणास्तव" असा नोंदवला. प्रकृती ठणठणीत होती. अजून आहे.

आता कुणाला वाटेल की इथे तरी बाई शहाणी झाली. छे. घरी येऊन मी यांना म्हणाले, "समिती गेली खड्ड्यात. आपला एवढा मोठा व्हरांडा आहे. अक्का दुपारी इथे बसेल. हे मला आधीच सुचायला हवं होतं." माझ्या औदार्याने माझाच ऊर भरून आला. हे चष्म्यावरून बघत नुसते "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ मी विचारायला हवा होता.

मी अक्काला सांगितलं, चटई घातली, पंखा लावून दिला. पहिल्या दिवशी ती जेवली आणि आडवी झाली. मी आत पलंगावर पडले होते, पण मला काही चैन पडेना. सव्वा वाजता मी ताटात अवरेकाळू, म्हणजे वालाच्या शेंगा, घेऊन बाहेर आले. "बसल्या बसल्या चार शेंगा सोलतेस का अक्का? मीही सोलते, गप्पा होतील." ती उठली, सोलल्या. दुसऱ्या दिवशी शेंगा नव्हत्या. पण कुरिअरवाला आला, मला उठायचा कंटाळा, तिला हाक मारली. मग पाणी आलं, टाकीचा नळ फिरवायला हाक मारली. मग यांचा चहा. मी मनाशी म्हणत होते, किती बरं झालं, घरात दुपारी माणूस आहे.

तिसऱ्या दिवशी ती बाराला काम संपवून पिशवी उचलून निघाली. "आज बसत नाही अम्मा, काम आहे." चौथ्या दिवशीही काम. पाचव्याही.

मग मी तिच्या मागे गेले. म्हणजे पाठलाग केला म्हणा. सदुसष्टाव्या वर्षी, छत्री घेऊन, भिंतीच्या कडेकडेने. ती मेन रोडवरच्या बस स्टॉपवर होती. तिथला लोखंडी बाक मुद्दाम उतरता केलेला, कुणी आडवं होऊ नये म्हणून. तिने पाय समोरच्या कठड्याला रोवले होते, डबा मांडीवर, मान खांबाला. समोरून बसा येत होत्या, धूर सोडत होत्या, जात होत्या. तिचे डोळे मिटलेले.

मी शेजारी टेकले. बाक घसरता, त्यामुळे दोनदा टेकले.

"अक्का," मी म्हणाले, "घरी पंखा आहे, चटई आहे. आणि तू इथे धुरात बसतेस? माझं काही चुकलं का?"

तिने डोळे उघडले. कन्नडमध्ये उत्तर देईल असं वाटलं होतं. ती माझ्या मराठीत म्हणाली, "अम्मा, तुमच्या घरी बसले की तुम्हाला माझे हात रिकामे दिसतात. मग तुम्ही काय तरी आणून देता. बागेत मला कोण बघत नव्हतं, हाक पण मारत नव्हतं. तेवढंच पाहिजे होतं, ते तुम्ही सांगितलं नाही, सरी, झालं. आता घरी जावा. इथं पण तुम्ही येऊन बसलात तर मी कुठं जाऊ?"